क्लोज म्हणजे चालू

मी खांबावर होतो आणि माझे दोन्ही हात अकरा हजार व्होल्टच्या तारेवर होते. तारेत वीज नव्हती, म्हणून तर हात लावला होता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी वीज खात्यात लाइनमन होतो. कळंबच्या पुढे सोपानतात्यांच्या टोमॅटोच्या शेतात एक इन्सुलेटर तडकला होता. इन्सुलेटर म्हणजे तारेतली वीज खांबात उतरू नये म्हणून मध्ये बसवलेला चिनी मातीचा तुकडा. तो बदलायचा होता. तात्यांच्या घरून सबस्टेशनला फोन करून मी शटडाउन घेतलं, म्हणजे त्या लाइनचा पुरवठा माझ्या नावावर बंद करून घेतला. फोनवर ऑपरेटर ढोबळे होते. तात्या तेव्हा मळ्यात असल्यानं त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

थोड्या वेळानं तात्या आले, मला तारेला खेटलेला पाहून घाबरले आणि घराकडे पळाले. त्यांनी तोच नंबर फिरवला.

“सायेब, तुमचा मानूस तारंच्या लई क्लोज गेलाय. लाइन क्लोज करा, लवकर!”

फोनला खरखर होती. ढोबळ्यांना शेवटचं तेवढं ऐकू आलं, “लाइन क्लोज करा.”

आता आमच्या धंद्यातला क्लोज सांगतो. ब्रेकर म्हणजे सबस्टेशनातला मोठा स्विच. त्याच्या आतले दोन भाग जवळ येऊन टेकले की तो क्लोज झाला, आणि वीज सुरू झाली. नळ क्लोज केला की पाणी थांबतं. ब्रेकर क्लोज केला की करंट धावतो. काम संपलं की आम्हीही फोनवर हेच म्हणायचो, “लाइन क्लोज करा.”

सबस्टेशनात ढोबळ्यांच्या शेजारी आमचे इंजिनिअर साहेब बसले होते. लाइन बंद, म्हणून पंपही बंद; पाणीपुरवठ्यावाल्यांचे तक्रारीचे फोन घेऊन ते वैतागले होते.

“आला ना निरोप? मग करा क्लोज.”

“आवाज त्याचा नाही, साहेब.”

“घरातल्या कुणी सांगितलं असेल.”

“असेल. पण शटडाउन त्यानं घेतलंय. परत त्यानंच द्यायला पाहिजे.”

ढोबळ्यांनी फोनवर विचारलं, “आमचा माणूस वर आहे की खाली?”

“वरच हाय की! म्हनून तर क्लोज करा म्हनतोय!”

“लाइन बंद आहे. तो उतरला की त्यालाच फोन करायला सांगा.”

मी काम संपवून उतरलो. तात्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

“भाऊ, मी फोन करून लाइन क्लोज करायला सांगितली. न्हाईतर आज काय झालं असतं?”

मी तिथंच बांधावर बसलो. क्लोजचा आमचा अर्थ सांगितला, तसा तात्यांचा चेहरा पांढरा पडला.

“बाजारात दुकान बंद असलं का क्लोजची पाटी असती. मला काय ठावं, राव?”

“आणि तारेच्या क्लोज गेलाय म्हणालात, ते?”

“ते म्हंजे जवळ. टीव्हीवर म्हनत्यात तसं.”

त्यांच्यावर कसा रागावणार? माझ्या काळजीपोटीच तो माणूस धावला होता. मग ढोबळ्यांना मी स्वतः फोन केला. म्हणालो, “मी खाली आहे, माणसं लांब आहेत, लाइन चालू करा.”

संध्याकाळी सबस्टेशनात जाऊन मी ढोबळ्यांच्या पायाला हात लावला. ते संकोचले. “अरे, फक्त आवाज ओळखला नाही, म्हणून विचारलं.” साहेबांनी चहा मागवला. “मी घाई करत होतो,” ते म्हणाले, “यांनी ऐकलं नाही, म्हणून आज सगळे नीट घरी चाललोय.” दुसऱ्या दिवसापासून फोनवर फक्त ‘चालू’ आणि ‘बंद’ म्हणायचं ठरलं.

पुढं मी पुरी नोकरी केली, मुलीचं लग्न केलं, नातवंडं पाहिली. हे सगळं मला ढोबळ्यांनी दिलंय, असंच मी मानतो. तात्यांच्या घरचा चहाही पुढं कधी चुकवला नाही.

नव्या पोरांना एवढंच सांगतो. फोनवर शब्द ऐकाच, पण बोलणारा कोण आहे आणि तो कुठं उभा आहे, तेही विचारा.