लोखंडी टोपाचा पट्टा

मालेगावकडच्या एका मळ्यात विहीर खोदताना आमच्या जोडीच्या गड्याचा कपाळमोक्ष झाला. त्याचा फेटा रक्तानं इतका भिजला होता की पिळावा लागला. त्या दिवशी मी थोरल्या भावाला सांगितलं, आता फेट्यावर भागणार नाही. आम्ही दोघेही विहिरीच तर खोदायचो.

मी कारंज्याच्या बाजारात गेलो. भंगारवाल्याकडे लढाईतले लष्करी टोप ढिगानं पडले होते. तो रंग दाखवत बसला. मी एकेक टोप दगडावर पालथा ठेवून हातोडा हाणला. दोन चेपले, एक तडकला, भंगारवाल्यानं आईबहिणीवरून शिव्या दिल्या. जे दोन टिकले तेच घेतले.

भावाच्या गळ्यात तुळशीची माळ. त्यानं टोप उलटा करून पाहिला. आत चामड्याची गादी, हनुवटीखाली बांधायला चामड्याचाच पट्टा.

"ढोराचं कातडं डोक्शावर घेऊ मी? काहून आणलं हे?"

"मंग दगड पडन तवा तुही माळ आडवी येईन काय?"

त्यानं टोप माझ्यावर भिरकावला. कान फाटला. मी त्याला बंडीला धरून भिंतीवर आपटलं, एकदा नाही, तीनदा. वहिनी मधे पडली नसती तर आमच्यातला एक तिथेच संपला असता. मग मी विळा घेतला आणि त्याच्या टोपातलं सगळं चामडं त्याच्या डोळ्यांदेखत कापून काढलं. माझ्या टोपाला हात लावला नाही. मी कुठे माळकरी होतो!

त्यानं आत चिंध्या कोंबल्या. पट्ट्याचं तसंच राहिलं. सकाळी वहिनीनं जुन्या लुगड्याची किनार फाडून माझ्या हातात दिली. "भाऊजी, एवढी शिवून द्या त्याहिच्या टोपाले. ते काही तुमाले म्हननार नाहीत."

दाभणानं चार टाके घालायचे होते. पण कान ठणकत होता. येऊ दे त्याला मागायला, असं म्हणून मी किनार खिशात टाकली.

दुपारी सुरुंग उडवला. धुरळा बसल्यावर आम्ही दोघं खाली उतरलो. तो वाकला की टोप घसरायचा, तो शिवी देऊन परत डोक्यावर ठेवायचा. मी बघत होतो आणि मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटत होतं. तेवढ्यात वरच्या कपारीतून दगड सुटले. पहिल्यानं त्याचा टोप उडवला. दुसरा उघड्या डोक्यावर बसला. माझ्या टोपावरही दोन आदळले, पट्टा गळ्याला काचला, पण टोप जागचा हलला नाही.

वरून माणसं ओरडत होती, काहीतरी बांध, रक्त थांबव. मी खिशात हात घातला. किनार हाताला लागली. तीच त्याच्या डोक्याला गुंडाळली. पुरली नाही.

दोरानं वर काढून बाजेवर ठेवला तेव्हा त्याच्यात जीव नव्हता. वहिनी रडतही नव्हती. डोक्याची किनार तिनं बोटानं चाचपली आणि माझ्याकडे पाहिलं.

"शिवली नाही तुमी?"