टोपीवाला आणि मापाचं ब्लाउज

टीव्हीवर सांगतात, अर्थव्यवस्था धावते आहे. शिरूरच्या आमच्या गल्लीत तरी तिला कुणी चालतानाही पाहिलेलं नाही. कंपन्यांतला ओव्हरटाइम बंद झाला, तशा बाया माझ्याकडे कपडे शिवायला टाकेनाशा झाल्या. पूर्वी दिवाळीच्या तोंडावर मी 'आता जमायचं नाही' म्हणून गिऱ्हाईक परत लावायचे. फार ताठा होता मला तेव्हा.

आता दुपारभर मशीनला मोबाइल टेकवून परदेशी सिनेमे बघते. दौंडला दिलेल्या लेकीनं ते लावायला शिकवलं. भाषा ओ की ठो कळत नाही. मी आपली कोटांच्या शिवणी बघते. परवाच्या सिनेमात एक म्हातारा टोपीवाला होता. बाहेर बर्फ, आत तो एकटा. कुणी येत नाही, तरी रोज टोप्या झटकून मांडतो. मला रागच आला. बंद कर की बाबा! मग आठवलं, लेक मला फोनवर हेच सांगते, "आई, शटर ओढ आणि ये इकडं." पण तिथं ती दोघं कामाला गेली की मी बोलू कुणाशी? भिंतींशी? सिनेमा अर्ध्यावरच बंद केला.

गिऱ्हाईक मापासाठी एक जुनं ब्लाउज आमच्याकडे ठेवून जातं. ते आहे तोवर बाई परत येणार. यंदा एकेकजणी आल्या आणि आपापलं घेऊन गेल्या. उरलं एकच, हिरवं, न्हावरे गावच्या मावशींचं. आठवडी बाजाराला आल्या की त्या माझ्याकडे तासभर बसतात.

मागच्या बाजारी त्यांनीही मागितलं. "आता सून रेडिमेडच आणती."

"सापडत नाहीये, मावशी. पुढच्या बाजारी या," मी म्हणाले. ते टेबलाच्या खणात होतं. कपडे शिवून द्यायच्या तारखा सोडल्या तर गिऱ्हाइकाशी मी कधी खोटं बोललेले नाही.

काल त्या आल्या. चहा झाला. टोपीवाल्याची गोष्ट सांगितली, अर्धीच. मग कात्रीसाठी खण ओढला, तर हिरवी बाही बाहेर लोंबली. मावशींनी ती पाहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी पिशवी उचलली. "न्हाई ना गावलं? असू दे. पुढल्या बाजारी येते परत. तवर त्या म्हाताऱ्याचं दुकान ऱ्हातंय का बंद पडतंय, तेवढं बघून ठेव."

संध्याकाळी लेकीचा फोन आला. तिला म्हणाले, इतक्यात जमायचं नाही. एक गिऱ्हाईक यायचं आहे.