सगळीकडे पुरणारी पोरगी

"मी आहो नं," असं म्हणत ती दुसऱ्याच्या हातातलं काम ओढून घ्यायची. विचारायची नाही. आमच्या शेजारची पोरगी. फुटबॉल खेळायची आणि रोवणीच्या दिवसांत आमच्या टोळीत धान लावायला यायची.

ती खरंच मोठी खेळाडू का, असं लोक मला विचारतात. मी चौथी शिकलेली बाई. खेळाचं मला काय कळणार? पण पाहिलं ते सांगते. ठरवा तुम्ही.

आमच्या करडी गावाकडे बाया ओळीने रोवणी करतात, वाकून, मागे मागे सरकत. एक बाई अडली की सगळी ओळ वाकडी होते. माझे गुडघे गेले, तेव्हापासून अडणारी मीच. टोळीची मुखिया बाई तोंडावर म्हणाली, "बुढे, आता तुह्यानं होत नाई. घरी बस." एकटीच्या घरात बसून मी करायचं काय?

तेव्हा ही पोरगी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. स्वतःचं लावून माझ्या वाट्यातलं निम्मं लावायची. पलीकडे कुणाच्या हातची रोपं संपली, तर तिकडे पेंडी फेकायची. मुखियाला दोन हंगाम पत्ता लागला नाही.

"काहून करतं वं माह्यं काम?"

"तू घरी बसली तं मले शिव्या कोण देईन, आजी?"

मग साकोलीला नागपूरच्या संघासाठी निवडीचा सामना होता. तिच्या मायला कामावरून सुट्टी नव्हती, म्हणून मी सोबत गेले. ती मैदानाच्या मधे खेळायची म्हणतात, पण मला ती कधी आपल्या गोलजवळ दिसे, कधी पार पुढे, कधी पडलेल्या पोरीच्या जागी. चेंडू मिळाला की लगेच दुसरीला देऊन टाके. मला राग आला. मी ओरडले, "अवं, एक गोल तं मार! साऱ्याइची चाकरीच करून राहिली!"

निवड करणारे सर शेजारीच कागद घेऊन बसले होते. "बरोबर बोलल्या, आजी," ते म्हणाले. "पळते खूप, पण हिची जागाच ठरत नाही." आणि तिच्या नावावर काट मारली.

ती काट पाहिली आणि मला माझीच लाज वाटली. दोन हंगाम मी टोळीत टिकले ते कोणाच्या हातांनी? गप्प बसले असते तर ती गावातच राहिली असती आणि माझी रोवणीही टिकली असती. हे मला तिथे बसल्या बसल्या कळत होतं.

"सर, तिले जरा बाहेर बसवून पाहा."

"कशाला?"

"मंग समजन तुमाले."

सर हसले, पण त्यांनी बसवलं. ती बुटाची नाडी सोडत-बांधत माझ्याकडे रागाने बघत राहिली. तिकडे तिच्या पोरी एकमेकींवर खेकसू लागल्या. "तू काहून नाई आली?" "मले काय मालूम, तीच राहे तिथं!" बघता बघता त्यांच्यावर दोन गोल बसले. सरांनी तिला परत आत पाठवलं. तिचा संघ हरलाच, पण तिसरा गोल काही झाला नाही. सरांनी खोडलेलं नाव खाली पुन्हा लिहिलं.

आता ती नागपूरला राहून खेळते. यंदा रोवणीच्या तिसऱ्या दिवशी मुखियाने मला हात धरून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आणून बसवलं. शिव्या दिल्या नाहीत, ते जास्त लागलं. पण माझी तक्रार नाही. मला दोन हंगाम जास्त मिळाले, आणि ते तिने न सांगता दिले.

काल ओळीत एक नवी सून अडली. कोणी तिच्याकडे सरकेना. मी धुऱ्यावरून खाली उतरले, चिखलात पाय रोवले आणि तिच्या वाट्याची चार रोपं लावली.

"बुढे, वर बस!" मुखिया ओरडली.

ओरडू दे. मी पाचवं लावलं.