लियाचा अर्थ

आता माझ्या शहाणपणाची काय कथा सांगू तुम्हाला? हसा हवं तर. वहिनी मात्र हसली नव्हती.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. शेणव्याच्या माझ्या भावाला तिसरी मुलगी झाली. शहापूरच्या दवाखान्यात वहिनीजवळ मीच होते. आईनं बाळ पाहिलं आणि उभ्या उभ्याच परतीची एसटी धरली. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. मी ठरवलं, तालुक्यात दुसरं सापडणार नाय असं नाव ठेवायचं.

तिथं केरळची एक नर्स होती, लिया सिस्टर. नाव ऐकताच आवडलं. कुठलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, बायबलातलं, हिब्रू भाषेतलं. आणि अर्थ? तिनं कपाळाचा घाम पुसला. "थका हुआ."

सकाळपासून उभी होती बिचारी. म्हटलं, दमलीय, कशाला छळा? अर्थ काय, आपणही लावू.

बारशाला मी हिब्रू नाव म्हणून जाहीर केलं. वडिलांनी विचारलं, हे हिब्रू कसाऱ्याच्या अलीकडं की पलीकडं? मी म्हटलं, बरंच पलीकडं. अर्थ सांगितला, देवाची लाडकी. आईचं तोंड उतरलेलंच. मग मला चेव चढला. म्हटलं, या नावाच्या मुलीच्या पाठीवर भाऊ येतोच येतो.

आई खुलली. पण त्या दिवसापासून अख्खं घर वहिनीच्या पोटाकडं बघायला लागलं. वर्ष सरायच्या आत तिला पुन्हा दिवस गेले.

मी माहेरी गेले होते, तेव्हाच पोलिओचा रविवार आला. डोस पाजायला गावात कोण यावं? लिया सिस्टर! आईनं तिला घरात आणून बसवलं, भाऊ आणणाऱ्या नावाचं कौतुक सांगितलं. सिस्टर गोंधळून माझ्याकडं बघायला लागली.

"ताई, मैं बोला था ना. लिया मतलब, थका हुआ."

आईची नजर माझ्यावर. मी आपली सारवासारव केली, "चुकलं गो वहिनी. पुढच्याला नीट विचारून ठेवीन."

वहिनी कंबरेवर हात ठेवून चुलीपुढनं उठली.

"नाव बरोबर हाय, ताई," ती म्हणाली. "फक्त पोरीला ठेवलंत, ते चुकलं."

तिनंच करून दिलेला चहा माझ्या हातात होता. आणि साखर कमी पडलीय, असं मी तिला आत्ताच सुनावलं होतं.