काकांचा अडकित्ता

कुणी सुपारी कातरली की त्या आवाजाने मी अजूनही पुलगावच्या आमच्या अंगणात जाऊन पोचते.

एका संध्याकाळची गोष्ट. दुसऱ्या दिवशी मला शेजारच्या गावी शाळेत शिकवायला रुजू व्हायचं होतं. सायकलच्या ब्रेकची नवी तार आणि तिच्यावरची पोलादी नळी, दोन्ही जास्त लांब होत्या. दुकानात पुरुषांमध्ये उभं राहायची लाज वाटे, म्हणून घरीच कापायला बसले. विळीवरून तार निसटली, कात्रीने नुसती चेपली. काकांकडे पक्कड मागितली.

"पोरीच्या सायकलले माही पक्कड नाई भेटत," हत्यारांच्या पेटीला कुलूप लावत ते म्हणाले. "इंग्रजी शिकली ना? दातानं तोडजो."

ते जेवायला बसल्यावर पानाच्या डब्यातला त्यांचा लाडका अडकित्ता उचलला. तार पटकन तुटली. नळीला दोन्ही हातांचं बळ लागलं आणि पात्याला खाच पडली.

सकाळी ते अंगणात सुपारी कातरत होते. दर वेळी पातं अडकत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सायकल वेगात त्यांच्यावरच आणली आणि अगदी त्यांच्या पायांशी आल्यावर ब्रेक दाबला.

"येते, काका."

तेव्हा वाटलं, मी ब्रेक तपासत होते. आता वाटतं, तो लागला नसता तरी मला फारसं वाईट वाटलं नसतं.