आवाज बंद झाल्याची तक्रार

एसी विकत घ्यायला मला पाऊण तास लागला. तो भिंतीला लागायला सव्वा महिना लागला, आणि त्यानंतरची पाच वर्षं तो चालता राहावा म्हणून मी जेवढी बोंबाबोंब केली तेवढी मुलीच्या लग्नातही केली नव्हती. लोक म्हणतात एसी म्हणजे सुख. खोलीच्या आतला तो पांढरा डबा असेलही सुखाचा. त्याचा दुसरा भाग, भिंतीबाहेर लोंबकळणारा, पंखा आणि कॉम्प्रेसरवाला, ज्याला सगळे नुसतं आउटडोअर म्हणतात, तो मात्र शुद्ध डोक्याला ताप आहे.

बरं, आम्ही तो हौसेने घेतलेला नाही. माझ्या नवऱ्याला मज्जासंस्थेचा आजार आहे. एरवी तो काठी घेऊन घरभर हिंडतो, टेबलाशी बसून इमारतींचे नकाशे तपासायचं काम करतो आणि अधूनमधून माझ्या आमटीतल्या चुकाही काढतो. पण उकाडा वाढला की पाय त्याचं ऐकत नाहीत. डोळ्यांपुढे धुकं येतं, बोटांतून पेन्सिल गळते, बसल्या खुर्चीतून उठता येत नाही. अंग गार झालं की माणूस पुन्हा पहिल्यासारखा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, एसीला चैन समजू नका, गोळ्यांसारखाच समजा. मी रोज ऑफिसला जाते, दिवसभर तो घरात एकटा असतो. त्यामुळे ती खोली गार राहण्यावर माझा सगळा जीव टांगलेला असतो.

हे सगळं मी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना सविस्तर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, रस्त्याच्या बाजूला आउटडोअर लावता येणार नाही, बिल्डिंगचं एलिव्हेशन बिघडतं. आमच्या बिल्डिंगचं एलिव्हेशन म्हणजे काय, तर रंगाचे पोपडे आणि ग्रिलवर वाळणारे टॉवेल. पण ठराव म्हणजे ठराव. मागे डक्ट आहे, म्हणजे दोन विंगांच्या मधली ती अंधारी उभी पोकळी, जिथून सगळ्यांच्या संडास-बाथरूमचे पाइप जातात. तिकडे लावा म्हणाले. नवऱ्याने रीतसर नकाशा काढून दाखवला, की तिथे लावला तर पुढे साफसफाईला हात पोचायचा कुठून? आमच्या खिडकीतून तो फूटभर खाली आणि कोपऱ्याच्या पलीकडे जातोय.

सेक्रेटरी म्हणाले, "अहो, लावायचा तर एकदाच असतो."

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण इथे शहाणा कोण होता? मी कपाळाला हात लावला. कारण हात कुठून पोचणार हे मला नकाशा न बघताच कळलं होतं. दुसऱ्या मजल्याच्या ड्राय बाल्कनीतून. आणि दुसऱ्या मजल्यावर राहत होते 'खालचे'.

खालचे म्हणजे पूर्वीचे आमचे काका. पाणीपुरवठ्यात, मोठाल्या पंपांवर आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झालेले गृहस्थ. काका आणि काकू, दोघंच. आमच्या घराची जादा किल्लीसुद्धा काकूंकडे असायची. मग एका पावसाळ्यात त्यांच्या बाथरूमच्या छताला ओल आली. त्यांचं म्हणणं, गळती तुमच्या घरातून आहे. माझं म्हणणं, डक्टमधला सोसायटीचा पाइप फुटलाय, सोसायटीला सांगा. जिन्यात उभं राहून आम्ही एकमेकांना फार सभ्य भाषेत फार वाईट बोललो. अहो-जाहो करत माणसाला किती लागेल असं बोलता येतं, हे पुण्यात राहणाऱ्यांना सांगायला नको. त्या दिवसापासून बोलणं बंद. पुढे दोन वर्षांनी काकू गेल्या, तेव्हा मी खाली जाऊन दहा मिनिटं बसून आले. तेव्हाही आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

तर एसी लावायला आलेल्या दोघा मेकॅनिकनाच मी खाली पाठवलं. म्हटलं, तुम्हीच विचारा, बाल्कनीत उभं राहू देतील का. दिलं त्यांनी. चपला बाहेर काढायला लावल्या आणि पूर्ण वेळ शेजारी उभे राहिले. वर आल्यावर मेकॅनिक वैतागून म्हणाला, ते आजोबा फार डोकं खातात, ब्रॅकेटखाली रबर किती जाडीचं घातलं, बोल्ट किती आत गेला, सगळं विचारत होते. मला वाटलं, तक्रारीची तयारी चाललीय.

आणि झालंही तसंच. आमच्या गेटवर वॉचमनच्या टेबलावर तक्रारवही असते. तिच्यात आठवड्याभरात बारीक, सरळ अक्षरात नोंद आली: 'तिसऱ्या मजल्यावरील यंत्राचे पाणी माझ्या खिडकीच्या पत्र्यावर पडते.' मी पाइप वळवून घेतला. मग आलं: 'यंत्र सुरू होताना हादरा जाणवतो. डावीकडील बोल्ट सैल असावा.' मग: 'गुरुवारपासून पंख्याचा आवाज घरघर येतो.' यांना दुसरा उद्योग नाही का, म्हणून मी घरभर पाय आपटत फिरायचे. नवरा हसायचा. म्हणायचा, अगं, तारीख-वार लावून आपला एसी कोणी ऐकतंय का एवढा? मी म्हणायचे, तू गप्प बस, तू त्यांच्याच बाजूचा.

सर्व्हिसिंगची तर वेगळीच तऱ्हा. कंपनीला फोन केला की सांगणार, माणूस दहा ते सहाच्या दरम्यान येईल. म्हणजे मी रजा टाकायची. मग तो पावणेसहाला येणार, आतल्या डब्याच्या जाळ्या नळाखाली धरणार, आणि कागदावर सही मागणार. कागदावर लिहिलेलं, आउटडोअर साफ केला. मी विचारायचे, कधी केला? तर म्हणणार, मॅडम, वहाँ हात नहीं जाता. हात जात नाही हे मला माहीत आहे, बाबा. सेक्रेटरी सोडून सगळ्यांना माहीत आहे.

एकदा असाच एक मेकॅनिक आला, जरा वयस्क, वारज्याहून. माझं डोकं तापलेलंच होतं. आधी खाली जाऊन त्या घरघरीच्या नोंदीचा मोबाइलवर फोटो काढून आणला आणि त्याच्यापुढे धरला, की बघा, आम्हाला काय काय ऐकून घ्यावं लागतं. त्याने ती नोंद दोनदा वाचली. मग मुकाट्याने दुसऱ्या मजल्यावर जाऊन बाल्कनीतून आउटडोअर उघडला आणि अर्ध्या तासाने वर येऊन सांगितलं, की पंख्याच्या मोटरचं बेअरिंग जायला आलं होतं, अजून महिनाभरात मशीन बसलं असतं. लिहिणारे कोण आहेत म्हणाला, जाणकार दिसतात. मी म्हटलं, असतील. माझ्या नाकाला इतक्या मिरच्या झोंबल्या की त्या माणसाला मी चहासुद्धा विचारला नाही.

मग यंदाचा एप्रिल. दुपारचे तीन वाजले असतील, मी ऑफिसात होते. अनोळखी नंबरवरून फोन आला. खालच्यांचा नंबर मी भांडणाच्या दिवशीच काढून टाकला होता. त्यांनी माझा काढला नव्हता.

"तुमचा आवाज बंद झालाय," ते म्हणाले.

नमस्कार नाही, नाव नाही. अकरा वर्षांनी पहिलं वाक्य हे. आवाज मी लगेच ओळखला आणि आधी मला संतापच आला. आवाज आला तरी तक्रार, बंद झाला तरी तक्रार? मी तोंड उघडणार एवढ्यात ते पुढे बोलू लागले, सावकाश, वहीत लिहिल्यासारखं. यंत्र एरवी थांबतं ते चार-पाच मिनिटांत परत सुरू होतं. आज अर्धा तास झाला. बिल्डिंगमध्ये लाइट आहेत. मी वर जाऊन तीनदा बेल वाजवली. दार कोणी उघडत नाही.

नवरा खुर्चीत असणार, उठता येत नसणार, मोबाइल आतल्या खोलीत चार्जिंगला असणार.

"तुमची किल्ली आहे माझ्याकडे," ते म्हणाले. "हिने फ्रिजवरच्या खिळ्याला लावली होती, तिथंच आहे. उघडू का?"

मी फक्त उघडा म्हणाले. काका म्हणाले असेन किंवा नसेन, आठवत नाही.

स्कूटर कशी हाणली ते मला विचारू नका. घरी पोचले तर दार सताड उघडं. नवरा खुर्चीतच होता, पाय बादलीत, डोक्यावर ओला पंचा, समोर आमचा जुना टेबलफॅन. बेल ऐकली होती म्हणाला, ओ पण दिली होती, पण बंद दारातून आवाज जाईना. चेहरा पांढराफटक होता, तरी मला बघून म्हणाला, आमटी आज खारट नव्हती. मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडले.

काका डक्टच्या खिडकीशी पाठमोरे उभे होते. म्हणाले, कपॅसिटर गेला असावा, मोटर सुरू व्हायला बघतेय पण उचलत नाहीये, मेकॅनिकला माझ्या बाल्कनीतून पाठवा. मी चहा टाकते म्हटलं. नको म्हणाले. दाराशी गेले, किल्ली हातातच होती. मी बघत होते, ती ठेवतात की नेतात. त्यांनी विचारलं, ही कुठं ठेवू? मी म्हटलं, तिच्या खिळ्याला. त्यांनी मान हलवली आणि एक एक पायरी उतरत गेले.

संध्याकाळी मेकॅनिक आला. कपॅसिटरच गेला होता. काकू गेल्या त्यानंतर पहिल्यांदाच मी त्याच्याबरोबर खाली गेले. तो बाल्कनीत काम करत होता तेव्हा बाथरूमचं दार उघडं होतं. छतावर परातीएवढा तपकिरी डाग, कडेने गिलावा फुगलेला, खाली एक प्लास्टिकचं टमरेल ठेवलेलं. सोसायटीचा पाइप त्या भिंतीला नाहीच, पलीकडच्या भिंतीला आहे. नवऱ्याने हे मला अकरा वर्षांपूर्वीच नकाशा काढून दाखवलं होतं. मी त्याला गप्प बस म्हटलं होतं.

यंत्र सुरू झालं. काकांनी कान देऊन ऐकलं आणि ठीक आहे म्हणाले. डागाचं मला तोंडाने सांगता येईना.

रात्रीचा स्वयंपाक तसाच टाकून मी गेटवर गेले आणि वॉचमनकडून वही मागून घेतली. तो बिचारा घाबरला, आता तक्रार कोणावर. मी तारीख घातली आणि लिहिलं: 'दुसऱ्या मजल्यावरील बाथरूमच्या छताला गळती आहे. ती आमच्या घरातून आहे, पहिल्यापासून आमच्याच घरातून आहे. काम रविवारी सुरू करत आहोत.' खाली सही केली, आणि तक्रारदार या रकान्यात माझंच नाव घातलं.