झेंडूच्या हाराखालची खिटी

ही गोष्ट मी अजून कुणाजवळ बोललेले नाही. ह्यांच्याजवळ नाही, मुलीजवळ नाही. देवाला ठाऊक असणारच — पण मी होऊन त्यालाही सांगितलेली नाही. हात जोडून उभी राहते आणि भलतंच काहीतरी मागून येते. आज तुम्हाला लिहून सांगते आहे. मध्येच अडखळले तर अडखळू द्या, मला हे सरळ सांगता येईल असं वाटत नाही.

मी दादरला बँकेत होते. दुसऱ्यांनी केलेलं काम तपासायचं, हेच माझं काम. तारीख, सही, आकडा आणि अक्षर जुळतात का. घरीसुद्धा तोच खाक्या. 'हिने बघितलंय ना? मग झालं,' असं आमचे हे सगळ्यांना सांगत. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? पण अशी ख्याती मिळाली की ती सांभाळावी लागते. आणि ती सांभाळायला माणूस कुठवर जातो — तेच तर सांगायचंय.

आम्ही लालबागचे. चाळीतली खोली, गाव देवगडकडे. गावच्या घरात भाऊबंद इतके, की गणपतीत गेलो तर पडवीतसुद्धा पाय पसरायला जागा नसायची. म्हणून ह्यांच्या डोक्यात ट्रेलरचं खूळ शिरलं. गाडीच्या मागे जोडून न्यायची चाकांवरची खोली. कुठल्याशा फिरत्या दवाखान्याचा गंजलेला सांगाडा ह्यांना मिळाला आणि कॉटन ग्रीनला ओळखीच्या गोदामाच्या आवारात तो उभा राहिला. 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर,' असं मी चिडवलं, तर त्याचं नावच 'बिऱ्हाड' पडलं.

तो ट्रेलर उभा केला मात्र नंदूभावजींनी. नंदू माझा धाकटा दीर. हाताने मेकॅनिक, आणि एके काळी — लपवून काय उपयोग? — पक्का दारुडा. बायको माहेरी निघून गेली तेव्हा एकदाची सोडली. सोडली ती सोडलीच. पण चाळीत माणूस दारू सोडतो ते एकदा, आणि लोक त्याचं तोंड हुंगतात ते जन्मभर. ते कुणावर चिडत नसत. दर रविवारी डबा घेऊन गोदामात जायचे. कुजलेली फळी काढून नवा प्लाय, चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस, छताच्या सांध्यांना पावसाआधी डांबरपट्टी. मग हौस वाढत गेली. छतावर सोलरचं पॅनल, आत छोटं सिंक, खिडकीला मच्छरजाळी, घडीचा पलंग. मी एकदा म्हटलं, "भावजी, आमच्या खोलीपेक्षा हेच बरं दिसतंय." ते हसले. "वैनी, ह्याच्यात मी पण राहीन हां. कोपऱ्यात. मला काय, चटई पुरे." इतकं मोकळं हसताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

ठरलं असं की दसऱ्याला पहिला लांबचा प्रवास. सासूबाईंना — आईंना — गावी न्यायचं.

आता ती खिटी.

ट्रेलर ओढणाऱ्या जीपच्या मागे एक लोखंडी गोळा असतो. ट्रेलरच्या दांड्याची वाटी त्यावर बसते, वर एक खटका पडतो, आणि तो खटका उघडू नये म्हणून त्यात बोटाएवढी एक खिटी, म्हणजे लोखंडी पिन, घालतात. बस, एवढंच. सगळं बिऱ्हाड त्या एवढ्याशा खिटीवर. नंदूभावजी लहान मुलाला समजवावं तसं मला हे समजावून सांगत. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशीपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. म्हणून भावजींनी सकाळीच ट्रेलर जीपला जोडला, खिटी घातली, ओढून पाहिली आणि घरी गेले. दुपारी मी झेंडूचे हार घेऊन गोदामात गेले. पेटीतले पाने, पक्कड, हातोडी पूजेसाठी कापडात बांधली. आणि मग ती खिटी दिसली. नवी कोरी, चकचकीत. वाटलं, खरं तर हिचीच पूजा करायला हवी, सगळं हीच तर धरून ठेवते. मी ती उपसली. उद्या निघताना आठवणीने घालू, असं मनात म्हटलं. कापडात टाकली. आणि त्या जागेवर हार गुंडाळला — चांगला जाडजूड, मोकळं काही दिसू नये असा. मग सगळं पेटीसकट घरी नेलं आणि ताम्हनात फुलं घालून पूजा मांडली.

दसऱ्याच्या सकाळी घाई म्हणजे घाई. मी ताम्हनातली हत्यारं उचलून पेटीत भरली. खिटी फुलांच्या खाली राहिली.

भावजी निघण्याआधी प्रत्येक जोड हाताने तपासत. त्या दिवशीही आले. पण पूजेचा हार — तो कोण उचकटणार? दसऱ्याच्या दिवशी, आई समोर हात जोडून गाऱ्हाणं घालत असताना? त्यांनी हाराला हात लावला आणि तोच हात कपाळाला लावला. नारळ फुटला. चाकांखाली लिंबं ठेवली. मी शेजारी पेढे घेऊन उभी होते. माझ्या मनात खिटी आली नाही. एवढं मात्र मी शपथेवर सांगू शकते — पण त्याने काय होतं?

जीप भावजी चालवत होते. गोदामापासून फार लांब गेलोच नाही. गतिरोधकावर जीप उडाली आणि मागून असा आवाज आला की अजूनही कुठे पत्रा वाजला तर मी मागे वळून बघते. वाटी गोळ्यावरून निसटली होती. जोडाला लावलेल्या जादा साखळीने क्षणभर धरलं, मग तीही तुटली आणि ट्रेलर आडवा होत एका भिंतीवर जाऊन फाटला. रस्त्यात कुणी नव्हतं, देवाची कृपा. पण भावजींनी करकचून ब्रेक मारला आणि पुढे बसलेल्या आईंचा हात मनगटात मोडला.

हे खाली उतरले. हार तोडून फेकला. "खिटी कुठाय? नंद्या, खिटी कुठाय?"

त्या क्षणी मला आठवली. ताम्हन, फुलं, खाली खिटी. डोळ्यांसमोर लख्ख. तोंड उघडायला किती वेळ लागतो?

"घातली होती, दादा," भावजी म्हणाले. "काल मी... घातली होती रे." त्या भोकात पुन्हा पुन्हा बोट घालून बघत होते. आणि ह्यांनी — सख्ख्या भावाने — भर रस्त्यात त्यांची कॉलर धरून तोंड हुंगलं.

मी गप्प राहिले. पण नुसती गप्प राहिले असते तर मी हे लिहायला बसले नसते. गप्प तर सगळेच राहतात. इथवर येताना मी उगाच पाटे आणि पॅनल सांगत बसले ना? ते ह्यासाठी. पुढे येतंय ते वाक्य हातातून उतरत नव्हतं.

हॉस्पिटलात आईंच्या हाताला प्लास्टर घालत होते. हे माझ्याकडे वळून म्हणाले, "तू सकाळी त्याच्या शेजारी उभी होतीस. वास येत होता का गं?" सगळे माझ्याकडे बघत होते. भावजीही. त्यांच्या नजरेत भीती नव्हती हो. उलट हायसं वाटल्यासारखे बघत होते — आता वैनी सांगेल, वैनीने सांगितलं की झालं.

मी म्हणाले, "मला नक्की सांगता येणार नाही."

बँकेतल्या बाईचं उत्तर. ना हो, ना नाही. सही न करता कागद पुढे ढकलावा तसं. वास नव्हता. साबणाचा होता आणि पेढ्याचा होता. मला नक्की सांगता येत होतं.

आई पलंगावरून एवढंच म्हणाल्या, "नंदू, परत पिऊक लागलंस रे?" पुढे त्या दोन्ही हातांनी नीट भाकरी थापू शकल्या नाहीत आणि गावही पुन्हा त्यांना दिसलं नाही. गेल्या, त्या धाकटा मुलगा परत बिघडला हेच मनात घेऊन. शेवटच्या आजारात मी त्यांच्या उशाशी बसत असे. सांगायला वेळ नव्हता, असंही म्हणता येत नाही.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी निर्माल्य उचललं. खिटी होती. कुंकू लागलेली. देव्हाऱ्याच्या खणात, वातींच्या पुडीमागे टाकली. फेकायचं धाडस नव्हतं आणि दाखवायचंही नव्हतं.

भावजी भांडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते भांडले नाहीत. काही दिवसांनी स्वतःच म्हणाले, "माझ्याकडूनच राहिली असणार. घातल्यासारखं वाटतंय, पण डोकंच तसलं माझं." दारूमुळे आपली आठवण सडली, अशी त्यांनी स्वतःची समजूत करून घेतली. पुन्हा प्यायले मात्र नाहीत, आणि ह्यावर आमच्या घरात कुणाचा विश्वास नाही. हत्यारं विकली. आता लोअर परळला एका मॉलच्या पार्किंगमध्ये लोकांच्या गाड्या कुठे लावायच्या ते दाखवतात. कुठलीही कडी लावली की ओढून बघतात. मग परत. मग चार पावलं जाऊन परत येतात. चाळीतली मुलं नकला करतात, मी त्यांना रागावते. मी!

दर दसऱ्याला ते आपट्याची पानं घेऊन येतात, माझ्या हातावर ठेवतात आणि वाकतात. मी आशीर्वाद देते. इतकी वर्षं तेच चाललंय.

मग आज का? आमची मुलगी केतकी. बिऱ्हाड अजून त्या आवारात निळ्या ताडपत्रीखाली पडून आहे. ते पुन्हा उभं करायचं तिने मनावर घेतलंय. परवा ती काकांना म्हणाली, "काका, वेल्डिंग मी कुणाकडूनही करून घेईन. पण जोड तूच लाव." भावजींनी दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "नको गो बाय. दुसऱ्या कुणाला तरी बघ. ह्या हातांचा भरवसा नाय."

ते हात शाबूत होते. त्यांतला भरवसा मी काढून घेतला. निष्काळजीपणाने नव्हे, पुरत्या शुद्धीत, एका वाक्याने.

आज खंडेनवमी. ताम्हन मांडलंय. घरात आता हत्यारं म्हणावी अशी नाहीतच — कात्री, विळी, ह्यांचा एक जुना पाना. त्यांच्या शेजारी खिटी ठेवली आहे, फुलांच्या वर. हे बाहेर पेपर वाचतायत, त्यांनी अजून पाहिलेली नाही. केतकी आरतीचं तबक पुसते आहे. पूजेला भावजींना बोलावलंय. ते ओळखतील. त्यांनी विचारायच्या आधी मी बोलणार आहे, सगळ्यांसमोर. वास नव्हता, हेही सांगणार आहे.

जिन्याच्या तोंडाशी आमच्या मजल्याचं लोखंडी दार आहे. आत्ताच ते लागल्याचा आवाज आला. कुणीतरी कडी ओढून पाहिली. पुन्हा ओढली. पावलं गॅलरीत आली, थांबली, मागे फिरली. पुन्हा कडी.

आले.